ताट्या

दिवाळीनंतर कूलर कोणी विचारत नाही.
जरीपटक्याच्या गोडाउनमध्ये एकावर एक पत्र्याचे डबे
आणि भिंतींना टेकवलेल्या ताट्या, खसच्या, वूडवूलच्या,
जाळीत दाबलेलं कोरडं गवत, पार छतापर्यंत.
संघमित्रानं मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली.
आवाज गेला तो गेला, परत आला नाही.
"काकू, इथंच. भाडं काय घ्याल?"
मी मोटर बांधत होते, तारेचं टोक दातात.
मान हलवली, ती तिनं हो धरली.

चौघी आल्या.
इंदोऱ्याची संघमित्रा, मनगटं काडीसारखी,
चौदा एप्रिलला मामाचा ताशा हिसकून घेऊन पक्की झालेली.
गोळीबार चौकातली निशिगंधा नंदनवार :
बापाचे माग भंगारात गेले तेव्हा ती सातवीत होती,
बेसवर अजून तेच वाजवते, खट् खटाक, खट् खटाक,
कापड तेवढं निघत नाही.
मागच्या गल्लीतली लविना, गिटार पाठीवर,
घरी सांगितलेलं : टॅलीचा क्लास.
आणि देवलापारची देवकी उईके, जिचं होस्टेल आठला बंद होतं,
म्हणून यांची सगळी गाणी पावणेआठला संपतात.
वॉर्डनबाईला पत्ता नाही
की एका बँडचा शेवट ती लिहिते.

बँडचं नाव सत्तेचाळीस डिग्री.
मला हिवाळ्यातही ऐकून घाम यायचा.

रविवारी शलाकाताई यायची, बँकेतली,
हेल्मेट काढायच्या आधीच कान लावायची.
वीस वर्षांपूर्वी सदरच्या एका बँडमध्ये ती एकटी बाई,
पोस्टरवर चौघांची नावं, पुढे "आणि इतर".
ते इतर म्हणजे मी, सांगते, आणि हसते,
पण डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत राहते.
लविनाला म्हणाली, "सॉरी म्हणत वाजवू नको.
चुकली तर जोरात चुक, म्हणजे कुठे ते तरी कळंल."
ते मी मोटरवर लिहून ठेवलं, खडूनं.

फेब्रुवारीत धरमपेठेत एका गच्चीवर कार्यक्रम, पाचांत चौथा नंबर.
मी पाण्याच्या टाकीशी, पदर खोचून, दुकानाच्या किल्ल्या मुठीत.
देवकीनं डोळे मिटले नाहीत, सगळ्यांकडे बघत गायली,
हिशोब मागायला आल्यासारखी.
नंतर एक पोरगा आला, मनानं चांगला :
"मुलींच्या मानानं भारी वाजवलं."
संघमित्रा वळली, काड्या हातातच,
पण तोंड माझं उघडलं.
"बाबू, बाईच्या मानानं मोटर बरी बांधते,
हे मी अठरा वर्षं ऐकून राहिली.
मोटरले माहीत नसते ना, कोणी बांधली ते."
त्यानं काही न बोलता बास ड्रम उचलला,
तीन मजले खाली नेला.
आता दर शनिवारी येतो. चहा बिनसाखरेचा पितो.

होळी झाली आणि गिऱ्हाईक लागलं.
एकेक ताटी निघाली, एकेक हात भिंत उघडी पडली.
आधी झांजा बाहेर गेल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत,
मग निशिगंधाचा माग,
एप्रिलात देवकीचा आवाज तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोहोचला.
मी म्हटलं, विकू नको का आता?
आणि पोट कशानं भरू?

एका संध्याकाळी लविनाची आई आली, ताटीचं माप चिठ्ठीवर.
आतून आवाज येतच होता.
माप सांगता सांगता थांबली. "ये है टॅली का क्लास?"
मी म्हटलं, हो.
स्टूल ओढलं, पाणी मागितलं,
आणि पावणेआठपर्यंत बसली,
चिठ्ठीची घडी घालत, उलगडत.

शेवटच्या दोन ताट्या खामल्याला गेल्या.
सहा महिन्यांचं सगळं त्या गवतात मुरलेलं, मला वाटायचं,
पाणी सोडलं की ओलं होऊन सुटेल.
परवा तिथून फोन आला :
"बाई, तुमचा कूलर बहुत आवाज करून राहिला."

करू द्या, म्हटलं.